अकरा मिनिटांचा धनी

ग्रानत्रेस्कच्या नियंत्रण कक्षात माझं काम असं:
गाडीला उशीर झाला की त्या उशिराला बाप शोधायचा.
रूळ सरकारी खात्याचे.
त्यांवरून धावणाऱ्या गाड्या चार कंपन्यांच्या,
डबे त्यांनी पाचवीकडून भाड्याने घेतलेले,
स्टेशनची इमारत एका विमा मंडळाची,
फलाट नगरपालिकेचा, फलाटावरचं घड्याळ नाही.
घड्याळ कोणाचं, याचं पत्र तीन वर्षं फिरतंय.

माझे वडील याच मार्गावर गँगमन होते,
चुली वेगळ्या होण्याआधी.
बर्चच्या काटक्यांचा झाडू घेऊन सांध्यातला बर्फ झाडत,
आणि उशीर झालाच तर वहीत लिहीत: थंडी.
एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

आता सांध्याला हीटर आहे, तो आपलं तापमान आपणच कळवतो,
आणि माझ्यासमोर कारणांची यादी, एकशे चाळीस संकेतांक.
उशीर तीन मिनिटांहून कमी असेल तर विचारायचं नाही.
दोन मिनिटं अनाथ राहू शकतात.

जानेवारीतली रात्र, उणे एकतीस.
लाकडाचे ओंडके नेणारी मालगाडी
किलोमीटर चारशे बारापाशी थांबली.
रेनडियर आहेत, ड्रायव्हर इंग्वे फोनवर म्हणाला.
किती?
मोजत नाही, मोजायला लागलो तर झोप येईल.
रुळांवरचा बर्फ नांगरलेला, चालायला सोपं,
म्हणून कळप इंजिनाच्या उजेडात पुढे पुढेच जात होता,
बाजूला व्हायला तयार नाही.
एक आधीच चाकाखाली गेलं होतं.
मग इंग्वेने दिवे विझवले
आणि अंधारात बसून राहिला.
अकरा मिनिटं.

सकाळी खापर फोडायला सगळे जमले,
पडद्यावर, आपापल्या चौकोनात.
कंपनी म्हणाली, कुंपण रुळांसोबत येतं.
खातं म्हणालं, कुंपण शाबूत आहे, बर्फ त्याच्या डोक्यावर चढलाय,
आणि बर्फाचं कंत्राट उमेओच्या लोकांकडे.
कंत्राटदार म्हणाला, आमच्या करारात बर्फ म्हणजे
रुळापासून अडीच मीटरपर्यंतचा;
त्यापलीकडे नुसताच हिवाळा.
कोणीतरी विचारलं, दिवे कोणत्या नियमाने विझवले?
इंग्वेचा चौकोन काळा होता. पाळी संपवून झोपला होता.
मी म्हटलं, अकराचे सहा-पाच करू का?
कोणी हसलं नाही.

तोवर तिकडे सुन्ना पोचली होती, स्नो-स्कूटरवर.
खात्याच्या माणसाने फोन तिच्याकडे वळवला, म्हणून मला दिसलं.
हातमोजा काढून तिने त्या जनावराचा गोठलेला कान चाचपला,
सुरीने पाडलेल्या खाचा, वर एक, खाली दोन.
"मावशीचं," ती म्हणाली. "एर्नामावशीचं. मागच्या उन्हाळ्यातलं."
तोंडातून निघालेली वाफ विरायच्या आत.
माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत, या अख्ख्या मार्गावर
धनी इतक्या चटकन सापडलेली ती पहिली गोष्ट.

मग तिला भरपाईचा अर्ज दिला.
रकाना सातवा: जनावर रुळांवर कसे आले?
खाली लिहायला नऊ ओळी सोडलेल्या.
सुन्नाने पेन तोंडाजवळ नेऊन ऊब दिली, शाई उतरेपर्यंत,
आणि लिहिलं: चालत.

प्रकरण लवादाकडे आहे. अकरा मिनिटं
माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात अजून पिवळी लुकलुकतात.
वडिलांचा झाडू माझ्या दारामागे उभा असतो,
दांड्यावर जुन्या रेल्वेचा शिक्का, जमा करायचा राहून गेला.
आता कोणाकडे करणार.
काटक्या बऱ्याच गळल्यात, तरी पायरीपुरता चालतो.
आज पहाटे कामावर निघताना पायरी झाडत बसले,
बर्फ मऊ होता, कडेकडेने निघत गेला,
कक्षात पोचायला दोन मिनिटं उशीर झाला.

कोणी विचारलं नाही.