खिशाचं भोक

डोंगराला वसंत उशिरा कळतो.
खाली समुद्रकाठी चेरी झडली, रस्ते गुलाबी झाले, झाडूनही झाले,
इथं बुनाच्या बुंध्याभोवती
बर्फ हातभर मागे सरकलाय फक्त.
झाडागणिक एकेक गोल आळं,
आत गेल्या सालचा काळा पाचोळा
आणि त्यातून वर आलेली
काताकुरीची पानं, डागाडागांची,
कुणी ओल्या बोटांनी हाताळल्यासारखी.

तोकुजी वाकून बघतो.
बर्फ ढकलायचं यंत्र एकतीस वर्षं चालवलं,
मान आता डावीकडे वळत नाही.
उजवीकडचं मोजतो:
दोऱ्याएवढं पान, ते यंदाचं.
बोटाएवढं, तीन-चार वर्षांचं.
एकच पान, एकच पान, सात वर्षं नुसतं एकच पान,
मग एका साली दोन.
दोन आली की समजायचं, ही आता फुलणार.

एकोणऐंशी वर्षांचा माणूस
दोऱ्याएवढ्या पानापुढे उभा राहून
जो हिशेब करतो, तो करतो.
मोठ्यानं काही बोलत नाही.

मागून मित्सुए येते, टोपली घेऊन.
त्याच्या थोरल्या भावाची बायको; भाऊ जाऊन बारा वर्षं झाली.
गावात अकरा घरं, त्यांतल्या सहांतून धूर निघतो.
शाळेच्या घंटेखाली कुणीतरी मुळे वाळत घालतं.
ती या उतारावर येते,
ओढ्यापलीकडच्या उतारावर पाय ठेवत नाही.

सहा वर्षांची होती तेव्हाचं आहे.
धाकट्याला हगवण, घरात तांदूळ नाही.
आई पहाटे कुदळ घेऊन निघाली, मागोमाग ही.
काताकुरीचा कंद वीतभर खोल, कधी त्याहून,
आणि केवढा, तर लसणाच्या पाकळीएवढा.
पलीकडचा सगळा उतार उकरला,
कुटला, गाळला, सात पाण्यांनी धुतला,
तेव्हा वाटीच्या बुडाशी पांढरं पीठ बसलं.
गरम पाण्यात घोटल्यावर काचेसारखं झालं.
भाऊ वाचला. ओसाकात लिफ्ट दुरुस्त करत म्हातारा झाला.
नववर्षाला फोन करतो. त्याला यातलं काही आठवत नाही.

दुकानात काताकुरीचं पीठ अजून मिळतं,
पाकिटावर नाव तेच, आत बटाटा.
मित्सुए ते आणते, सूप दाट करायला,
आणि पाकीट ओट्यावर पालथं ठेवते.

आज दहाच्या सुमाराला ऊन लागलं.
मान खाली घातलेल्या कळ्यांनी
पाकळ्या मागे उलटून घेतल्या,
केस बांधायला बाई हात मागे नेते तशा.
जांभळट, आत गडद नागमोडी रेघ.
तोकुजी सबंध अंगानं डावीकडे वळला
आणि ओढ्यापलीकडे बोट केलं.

एक. दोन पानांची. फुललेली.

"मी नाही लावली," तो म्हणाला, कुणी विचारलं नव्हतं तरी.
"मुंग्या नेतात बी. बीच्या टोकाला खाऊ असतो त्यांचा,
तेवढा खातात, बी टाकून देतात."
"मुंग्या ओढा ओलांडतात?"
"एखादं लाकूड आडवं पडलेलं असतं."

मित्सुए गप्प राहिली.
तिला त्याचा निळा कोट आठवला,
आठ-नऊ वर्षांमागे, जूनच्या अखेरीस शिवायला दिलेला.
खिशात सुक्या बोंडाचा चुरा, दहाबारा बिया,
आणि कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक.
बाही शिवली तिनं, कॉलर शिवली, गुंडी लावली.
बिया होत्या तिथं ठेवल्या
आणि भोक तेवढं राहू दिलं.

वारा सुटला. फुलं मिटायच्या बेतात.
"चला, सूप गार होईल," ती म्हणाली,
आणि टोपली त्याच्या हातात देऊन
ओढ्यातल्या पहिल्या दगडावर पाय ठेवला.