सातवी गाठ

हतनूरच्या फुगवट्यावर
बांबूंनी जोडलेल्या दोन डोंग्या,
शीड म्हणून केळीच्या ट्रकची ताडपत्री;
तिच्यावर 'सावदा' अजून अर्धं वाचता येतं.

उखर्डू भोई म्हणाला,
एकटी डोंगी कलते, कुरकुरते, सांगते.
ही जोडी मुकी.
सपाट चालते, सपाट चालते,
मग एकदम पालथी.

म्हणून काठावरची केळीची पानं
चिरफाळताना दिसली
की खालून दोन हात कापड गुंडाळ,
सात गाठी मार.
उगाच घाई वाटेल,
तेव्हाच.

मी सहा मारल्या.
डावी डोंगी ठिबकत वर आली.
तिचं शेवाळलेलं पोट
मी पहिल्यांदाच पाहिलं.

उखर्डू बोलला नाही.
विडी दातांत धरून
उचललेल्या डोंगीवर सरकला, बसला.

बूड टेकलं.
सातवी मारली.
चांगदेवला पोचेस्तोवर
दिवे लागले होते.