जमिनीचं बटण

जिनिंगमध्ये बावीस वर्षं मी पट्ट्यापाशी उभा होतो
कापसातलं लोखंड वेचत.
बोल्ट रोलरला लागला की ठिणगी,
आणि ठिणगी म्हणजे पाच गाड्या कापूस.
विळ्याचं टोक यायचं, बैलाची नाल यायची,
एकदा कुणाच्या तरी नाकातली मुरणी आली.
आठ दिवस मालकाच्या टेबलावर होती.
कुणी विचारत आलं नाही.

काम सुटलं तेव्हा हातांना सवय झाली रिकामं राहायची,
कानांना नाही.

जळगावला थावरदासनं दोन मशीनं पुढ्यात ठेवली.
एक अठराशेचं, पिवळं, त्याला नुसता दिवा.
"हे नातवाला," तो म्हणाला.
दुसरं साडेसहा हजार.
काचेमागची महागडी मी पाहिली, विचारली नाहीत.
सेल कुठले लागतात ते विचारलं.
चौकोनी असतील तर आमच्या गावात मिळत नाहीत;
पेन्सिलचे मिळतात, घड्याळवाल्याकडे.
दांडी उंचीला लावली, कोपर टेकवलं,
आणि पंधरा मिनिटं दुकानातच हलवत उभा राहिलो,
खांदा भरून येतो का बघत.
तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं परत गेली.
"आणि हे बटण?"
"जमिनीचं. ते कुणी विचारत नाही."

सुपडूच्या वावरात रोटाव्हेटरचं पातं तुटून पडलेलं,
ट्रॅक्टरचं टायर जाईल म्हणून तो रोज अंदाजानं चालायचा.
तिथं मशीन चालू केलं, तर ते रडायलाच लागलं,
बांधापासून बांधापर्यंत एकसारखं.
"भो, आख्खं वावरच लोखंडनं शे का?"

शेच.
आमच्या काळीत लोखंड मुरलेलं आहे,
दगडाचं पीठ होताना राहिलेलं.
हे कळायला मला तीन आठवडे लागले.
तवा भुईला टेकवायचा, हातभर उचलायचा,
पुन्हा टेकवायचा, आणि बटण केसभर फिरवायचं,
काळीचं बोलणं संपेपर्यंत.
ती गप्प झाली की मगच पाऊल टाकायचं.

बायकोनं परसात सहा वस्तू पुरल्या, कुठे ते सांगितलं नाही.
खिळा खरखरतो. पितळी कडी गोड बोलते.
बाटलीचं झाकण रुपयासारखं बोलतं, लबाड.
सहावी वस्तू अजून सापडलेली नाही,
आणि ती काय होती ते तिला आठवत नाही.

घाई केली तर काही मिळत नाही.
भुईपासून दोन बोटं वर, सारवताना हात फिरतो तसं,
आधीच्या फटकाऱ्यावर निम्मा चढवून.
खड्डा लहान पाडायचा आणि बुजवायचा.
पातं चौदाव्या दिवशी सापडलं.
सुपडूनं टोपलीभर वांगी दिली, वर शिव्या, उशिराबद्दल.

मग शिरपूरकडचा एक जण रात्री आला,
पिशवीत लिंबं, डोळ्यांत हंडा.
म्हटलं, बाबा, याच्यात लिंबाचा आवाज येत नाही.
तो चहा पिऊन गेला.

पण पांढरीचं कुणाला सांगितलं नव्हतं.
बोरीच्या वळणावरचं ते उंचवट्याचं रान,
जिथं नांगर खापऱ्या वर काढतो,
जिथं गाव होतं म्हणतात, कुणाचं ते म्हणत नाहीत.
मी कडेकडेनंच जात होतो, पायवाटेनं.
आवाज आला.
खरखर नाही, झाकण नाही.
स्वच्छ, खोल, एकाच जागी,
उलट्या बाजूनं आलो तरी तोच.

गुडघा टेकवला. खुरपं पिशवीतून काढलं.
तिथली माती मऊ होती, राखेसारखी,
बोटांना लागून राहणारी.
तलाठ्याला सांगावं तर तो हसेल,
नाही सांगावं तर रात्री सगळं गाव खणत येईल.
आणि खरं सांगायचं तर मला ती मुरणी आठवली,
टेबलावरची.

हेडफोन काढले.
वर टिटवी ओरडत होती, ती केव्हापासून कोण जाणे.

घरी बायको शेंगा सोलत होती.
"सापडनं का काही?"
"हां."
"काय?"
"राहू दिधं."
तिनं सूप जरा बाजूला सरकवलं,
मी बसावं म्हणून,
आणि सेल काढून ठेवा म्हणाली, गळतात.