पीडित

कागदावर मी पीडित आहे.
फिर्याद सरकारची. मला कुणी विचारलं नाही.

रेचित्साच्या कोर्टात सरकारी वकीलबाई म्हणतात,
किती वेळा?
लग्नाला सहा वर्षं झाली, बाई.
कोण मोजतं?

झ्मित्रने लग्नाआधीच सांगितलं होतं,
द्नीपरच्या काठी, बर्फात, हातमोजे काढून,
जणू ही उघड्या हातांनीच सांगायची गोष्ट.
मी म्हणाले, घाल परत, बोटं गारठतील.

दवाखान्याने फाइल देऊन टाकली.
माझा रिपोर्ट निगेटिव्ह. तोही
त्याच्याच विरुद्ध जोडलाय:
'धोका निर्माण केला.'

आता तो गजांमागे,
मी पुढच्या बाकावर, खास राखलेल्या.

रात्री नऊला घरात गजर होतो,
त्याच्या गोळीचा.
मी बंद करत नाही.
शेजारीण भिंत ठोकते.
ठोकू दे.