पंधरातले अकरा

सामन माशांचा कारखाना बंद पडला त्या आठवड्यात
एव्हारिस्तोनं बोटीच्या तिकिटामागे कोंबड्या मांडल्या.
दहा तलंगा, एक कोंबडा,
रोजची सहा अंडी, आठवड्याची बेचाळीस,
त्यातली तीस केयोनच्या बाजारात.
पेन्सिल जिभेला लावून लावून
जीभ करडी झाली होती त्याची.
वीस वर्षं माशांची पोटं चिरलेला माणूस,
पण न आणलेल्या कोंबड्यांच्या पोटातलं
त्याला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, आधी खुराडं.
आमच्या बेटावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो,
म्हणून दार पूर्वेला.
फळ्या फुटक्या होडीच्या,
जाळी हातभर जमिनीत पुरलेली,
कारण इथला कोल्हा ठेंगणा आहे, काळपट,
आणि दारानंच आत यावं असं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

खुडूक कोंबडी दोमितिला कार्कामोची,
तीन आठवड्यांच्या बोलीवर, पोतंभर बटाटे देऊन.
तिच्याखाली पंधरा अंडी. निळी.
आभाळ इथं वर्षातून चार दिवस धरतं, तो निळा.
सातव्या रात्री बॅटरी लावून पाहिलं:
चारांत काही नव्हतं, नुसता पिवळा उजेड.
बाकीच्यांत बारीक लाल शिरा, कोळ्यानं विणल्यासारख्या,
आणि मध्ये एक ठिपका. हलणारा.
एव्हारिस्तोनं पंधरा खोडून अकरा लिहिले.
लिहिताना हात कापला. बॅटरी मी धरली होती, म्हणून दिसलं.

अकराही फुटली.
चुलीमागे, मासळीच्या खोक्यात, महिनाभर घरालाच चिवचिव होती.
बारके बटाटे उकडून, कोंडा कालवून,
वर शिंपल्यांची पूड.
रात्री आम्ही खायचो तेच शिंपले,
सकाळी मी त्यांची कवचं दगडानं कुटायची.

आठव्या आठवड्यात तुरे बोलायला लागले.
सात कोंबडे, चार तलंगा.
एव्हारिस्तो तिकीट घेऊन खुराड्यासमोर उभा राहिला,
एकदा कागदाकडे, एकदा त्यांच्याकडे,
जणू दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय.

मार्चमध्ये सहा कापायचे ठरले.
पाणी उकळत ठेवलं. पहिला मी कापला.
दुसरा त्यानं मांडीत धरला, सुरी टेकवली,
आणि तसाच बसून राहिला.
"मासा डोळे मिटत नाही, ओतिलिया," म्हणाला.
"याला पापणी आहे."
मी काही बोलले नाही. पंख सोलत राहिले.
बऱ्याच वेळानं त्यानं कापला.
नीट कापला. मग उरलेले चारही,
माझ्याकडे न बघता.
एक दोमितिलाकडे पोचवला,
एकाचा रस्सा, चार मिठात.
कोंबडं झाकलं तर तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात.
आम्ही तर सहा कापले,
आणि सातवा पहाटे असा आरवला
की एव्हारिस्तोनं उशी कानावर घेतली.

हिवाळाभर अंडं नाही.
दिवस आठ-नऊ तासांचा, तलंगा फुगून बसलेल्या,
खाणं मात्र रोजचं.
हिशेब कुठवर आला बघावा म्हणून जूनमध्ये
मी डब्यातून ते तिकीट काढलं.
मागची बाजू खोडून खोडून काळी झालेली.
उलटवलं.
चाइतेन. एका माणसाचं. फक्त जाण्याचं.
तारीख कारखाना बंद पडला त्याच आठवड्यातली,
आणि कुठेही भोक पाडलेलं नाही.

तिकीट होतं तसं डब्यात ठेवलं.
विचारायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं,
पण त्या दिवशी वारा सुटला, छपराची फळी निघाली,
शिडी मी धरली, वर तो चढला.

ऑगस्ट संपता संपता पहिलं अंडं आलं.
लहान, एका बाजूला रक्ताची रेघ.
त्यानं ते खिशात घातलं,
आणि दिवसभर उजवा हात खिशातच ठेवून
डाव्या हातानं लाकडं फोडायला बघत होता.