कुणालाही

दिवसाला साधारण ऐंशी कॉल.
ऐरोलीत सहावा मजला, काचेपलीकडे खाडी,
पण माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून.
"ओटीपी कुणालाही सांगू नका, सर.
बँकेलाही नाही. मलाही नाही."
हे वाक्य तोंडात लवंगेसारखं बसलंय,
चव कधीच गेलेली.

रडणारे थोडे. बाकीचे चिडतात,
जणू मीच नेले.
परवा तळोज्याचे एक काका म्हणाले,
"फार गोड बोलत होता हो तो मुलगा,
अगदी तुमच्यासारखा."
मी म्यूट दाबून पाणी प्यायले.

निहार पंधराचा. घणसोलीत आम्ही दोघंच.
मार्चमध्ये जेवताना त्यानं विचारलं,
समज, एखाद्यानं स्वतःहून पैसे पाठवले,
समोरच्यानं वस्तू दिलीसुद्धा,
आणि नऊ दिवसांनी काढून घेतली,
तर तक्रार होते का गं?
मी भाकरी मोडता मोडता, सवयीनं:
"व्यवहार आपण स्वतः मंजूर केला असल्यास
रक्कम परत मिळण्याची खात्री देता येत नाही."
"बरं," म्हणाला, आणि ताट उचललं.

आपल्याला आणखी काही मदत करू शकते का,
हे मी ऐंशी परक्यांना विचारते.
त्याला विचारायचं राहिलं.

कळलं ते पुष्कळ नंतर, भांडणात.
कोपरखैरण्याचा कुणी, साडेतीनशे रुपये,
मामानं दिलेले;
एक आयतं खातं, आत बारा गेम,
पासवर्डसकट.
नऊ दिवसांत ह्यानं बर्फातल्या एका गावात
घर बांधलं, लाकडं रचली, कुत्रा पाळला.
दहाव्या दिवशी पासवर्ड चुकीचा.
"कुत्र्याचं काय झालं मग?"
माझ्या तोंडून एवढंच निघालं.
"असेल तिथंच.
दुसरं कुणी खायला घालत असेल."

आता स्वतःचं खातं काढलंय. खरं नाव, खरी जन्मतारीख.
तर दुकान म्हणतं, खातं नवीन आहे, विश्वास बसत नाही.
कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडून आणलेलं
गिफ्ट कार्ड चालेना, हा प्रदेश वेगळा.
चोवीस तास थांबा. पुन्हा प्रयत्न करा.
वाण्याकडे कसं, पोर समोर उभं राहिलं
की तो वहीत माझं नाव उघडतो.
इथं पोराला चेहराच नाही.
शेवटी माझं कार्ड.
चौदाशे नव्व्याण्णवचा गेम चारशे एकोणपन्नासला,
रात्री साडेदहापर्यंतच.

फ्लोअरवर फोन नेता येत नाही.
दहा वाजून बारा मिनिटांनी चहाची सुट्टी,
मी लॉकर उघडला. मेसेज आलेला होता:
सहा आकडे, आणि खाली तेच माझं वाक्य.
शेजारी मुबीना डबा उघडत होती.
मी भिंतीकडे वळले. आवाज खाली केला.
"चार."
"चार," तो.
"शून्य. परत शून्य."
"हं."
"सात… लिहितोयस ना?"
"आई, लवकर, संपेल तो."
त्या काकांनीही असाच दिला असेल
एकेक आकडा,
समोरच्याच्या तळहातावर पेढा ठेवावा तसा,
पडू नये म्हणून जपून.
नऊ. दोन.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
"निहार?"
"फिरतंय अजून."
मुबीनानं न विचारता
अर्धी पोळी माझ्या झाकणात ठेवली.
"झालं! आई, कार्ड सेव्ह करू का विचारतोय."
"नको."
मग मलाच ते तुटक वाटलं.
"दर वेळी माग. देईन."

चार मिनिटं उरली होती.
"ह्यात आहे का रे कुत्रा?"
"माहीत नाही. आधी उतरू तर दे.
आपल्या नेटला सकाळ होईल."