डावीकडे अठरा

बांबोळीच्या तळघरात, जिथे मनगटी घड्याळही आणता येत नाही,
इनास रिबेलो खिशातून एकेक वस्तू काढतो :
फेरीबोटीचं तिकीट, सुटे पैसे,
विड्यांचं बंडल. विडी चार वर्षांपूर्वी सुटली, बंडल नाही.
शेवटी बोटभर गंजका खिळा.
"मानशीच्या दाराचा," म्हणतो.
लोखंड आत नेलं तर उडून जाईल, मी सांगते.
"जाऊं दी," तो हसतो
आणि तेवढ्यानंच धापतो.

चाळीस वर्षं चोडणच्या खाजनात त्यानं ते दार राखलं.
भरती आली की नदीच दार ढकलून लावते,
ओहोटीला शेतातलं पाणी ते उघडतं.
"मी काय करतो? नुसता बघतो, नीट लागतं का."
मीही तेच करते,
पण हे त्याला सांगायला वेळ नाही,
छातीवर कॉईल, मुठीत घंटी, कानांत बोळे.

श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा.

काचेअलीकडे मीही धरते.
कुणी शिकवलं नाही, लागली सवय.
सतरा सेकंद.
यंत्र खाणीच्या बार्जसारखं धडधडतं
आणि पडद्यावर फुफ्फुसं काळीच उमटतात.
हवेकडे चुंबकाला सांगण्यासारखं फार नसतं.
रक्त मात्र बोलतं :
पुढे निघालेलं पांढरं,
दार झिजून मागे आलेलं थोडं काळं.
एका ठोक्याचे वीस तुकडे,
प्रत्येकावर मी धमनीभोवती वर्तुळ काढते, जरा थरथरतं.
ठोक्याला एकसष्ट मिलिलिटर.
उजवीकडे त्रेचाळीस.
डावीकडे अठरा.

मग शिरेतून औषध.
आधी काहीच नाही, मग वाफ्यात पाणी शिरावं तसं
उजवं उजळतं, वर, खाली, डावंही वर.
डाव्याच्या तळाला एक पाचर
काळी.
पुन्हा बघते. तिथेच.

टेबल बाहेर येतं. तो उठून बसतो, केस पिंजारलेले.
"उदक पावता मगो बाय, सकयल्या शेतांत?"
रिपोर्ट डॉक्टर देतील.
हे वाक्य मला तिन्ही भाषांत येतं.
तो माझ्याकडे बघतो,
दाराच्या फटीकडे बघत आला असेल तसा,
कुठून झिरपतंय ते.
"गाळ बसला असणार," स्वतःशीच म्हणतो,
"कोपऱ्यात बसतोच. कंबरभर उतरून काढावा लागतो."

खिळा उचलतो. सुटे पैसे मोजतो.
किती वाजले?
चार दहा.
आज अमावस्या, पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी,
रायबंदरची फेरी गाठायला हवी.
मुलगा बघतो हल्ली दार, पण मोबाईल बघत बघतो.

जिन्यावर त्याच्या चपला वाजतात.
चौथ्या पायरीला थांबल्या. सातव्या.
मी मोजत राहते, अकरापर्यंत.
बाराव्याचा आवाज यायच्या आत
पुढची बाई बांगड्या उतरवत विचारते,
आत काळोख असतो का हो?